पोटाचं डायलिसिस की मशीनचं : हृदयावर कुठलं कसं पडतं

आमच्या खानापूर-निपाणीकडं कुणाला डायलिसिस लागलं म्हटलं की मशीनच डोळ्यापुढं येतं, आणि पोटाचं म्हणजे पेरिटोनियल डायलिसिस ही त्याचीच घरगुती सोय असं सगळे धरून चालतात. हृदयाच्या हिशोबानं मात्र दोन्हीत बराच फरक आहे बघा.

मशीनवर आठवड्यातनं तीनदा, साधारण चार-चार तास बसायचं. मधल्या दिवसांत साचलेलं दोन-तीन लिटर पाणी तेवढ्या वेळात रक्तातनं ओढतात, मग बीपी धाडकन पडतं, पायात गोळे येतात, त्या वेळात हृदयाच्या स्नायूलाही रक्त कमी पडतं आणि हे सारखं झालं की हृदय थकत जातं. त्यात मशीनला रक्त द्यायला हातात धमनी-शीर जोडून केलेल्या फिस्टुलामुळं हृदयाचं पंपिंगचं काम वाढतं. मधे दोन दिवसांचा गॅप पडला की पोटॅशियम चढतं, तो काळ सगळ्यात धोक्याचा.

पोटाच्या डायलिसिसमधे ग्लुकोज घातलेल्या पाण्याची 2 लिटरची पिशवी दिवसातनं साधारण 4 वेळा पोटात रिकामी करायची, ते पाणी काही तास ठेवून काढायचं. पाणी हळूहळू निघतं, बीपीला झटका बसत नाही, फिस्टुला लागत नाही आणि उरलीसुरली लघवी जास्त दिवस टिकते, हृदयाला याचा मोठा आधार. म्हणून कमजोर हृदयाच्या पेशंटला काही डॉक्टर हेच सुचवतात.

पण इथं दर खेपेला वजन बघणारी सिस्टर समोर नसते. 2000 मिली सोडलं आणि काढलेलं पाणी काट्यावर 1900 च भरलं तर शंभर मिली अंगातच राहिलं. असं रोज होत गेलं तर लक्षात यायच्या आधीच बीपी वाढतं, हृदयाची भिंत जाड होते. मग जादा पाणी काढायला 1.5 टक्के ग्लुकोजच्या जागी 2.5 किंवा 4.25 टक्क्याची म्हणजे जड पिशवी लावतात, पण त्यातलं ग्लुकोज रक्तात जातं, वजन, शुगर, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी वाढतात, वर्षानुवर्षं जड पिशव्या वापरल्या तर ज्यातनं हे डायलिसिस होतं तो पोटाचा पडदाही खराब होतो. त्यापेक्षा ताटातलं लोणचं, पापड आणि मीठ कमी करणं मला कधीही बरं वाटतं.

आणि पोटॅशियमचं उलटं. पोटाच्या डायलिसिसवर ते कधीकधी फार खाली जातं, त्यानंही ठोके बिघडतात, म्हणून मशीनवाल्या शेजाऱ्याचं ऐकून केळं, शहाळं बंद करू नका, रिपोर्ट दाखवून विचारा.

वजन रोज सकाळी, पोटातलं पाणी काढल्यावर, एकाच काट्यावर बघायचं आणि वहीत लिहायचं, बीपीपण. पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागला तर मनानं जड पिशवी लावू नका, त्याच दिवशी सेंटरला फोन करा.