दख्खनचा कातळ आणि ‘ज्वालामुखी’ हा शब्द

सह्याद्रीत भटकताना हा कातळ ज्वालामुखीतून आला असं सांगितलं की कुणीतरी हमखास विचारतं, मग या ज्वालामुखीचं तोंड कुठे होतं? प्रश्न रास्त आहे, घोटाळा शब्दाचा आहे. ‘ज्वालामुखी’ म्हटलं की मुख आलं आणि मुखाभोवती शंकूसारखा डोंगर आला. दख्खनमध्ये शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, मुख्यतः लांबच लांब भेगांतून वर आला आणि पातळ असल्याने पुरासारखा पसरला. भेगांतच थिजलेला रस धुळे-नंदुरबारकडे भिंतींसारखा उघडा पडलेला दिसतो. तोंड शोधायचंच तर तिथे शोधावं. पाठ्यपुस्तकांतला ‘भेगीय ज्वालामुखी’ हा शब्दही मुख काही सोडत नाही. ‘भेगीय उद्रेक’ म्हणणं जास्त नेमकं, आणि ते आता रुळायला हवं. सह्याद्री हा थरावर थर साचून मग पाण्याने कोरला गेलेला पठाराचा काठ आहे. गडांचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते त्यामुळेच. ‘डेक्कन ट्रॅप’ या कातळाच्या इंग्रजी नावातला ‘ट्रॅप’सुद्धा जिन्याच्या स्वीडिश शब्दावरून आलेला.

प्रावरणातला, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातला, तप्त खडक वर सरकला, त्याच्यावरचा दाब उतरला आणि तो वितळू लागला. असा तप्त खडक जिथे खालून वर येत राहतो त्या जागेला तप्तस्थळ म्हणतात; हे घडवणाऱ्या तप्तस्थळावरून भारत पुढे उत्तरेला सरकला. त्याच तप्तस्थळावरच्या हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर आजही उद्रेक होतात. रस पृष्ठभागाजवळ येताना त्यात विरघळलेले वायू बुडबुडे धरतात आणि त्याला वर रेटतात. विहिरी खणणाऱ्यांच्या ‘मांजऱ्या’ खडकातले पांढरे ठिपके म्हणजे त्याच बुडबुड्यांच्या जागी नंतर भरलेली खनिजं.

या कातळाची जाडी सगळीकडे सारखी नाही. किल्लारीत भूकंपानंतर जमिनीत घेतलेल्या खोल छिद्रात तो ३३८ मीटर जाड निघाला. कोयनेला तो सुमारे किलोमीटरभर आहे.

हे सगळं सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं. नेमकं केव्हा, यावर २०१९मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी दोन उत्तरं दिली. झिरकॉन या खनिजाच्या कणांचं वय काढणाऱ्यांना उद्रेकाचे चार मोठे आवेग दिसले, त्यातला एक डायनासोर नष्ट होण्याच्या थोडा आधीचा. खडकातल्या आरगॉन वायूवरून बेसाल्टचं, म्हणजे याच कातळाचं, वय काढणाऱ्यांना उद्रेक बराचसा सलग दिसला आणि सुमारे तीन चतुर्थांश रस त्या विनाशानंतरचा. पहिलं खरं असेल, तर त्या विनाशात पृथ्वीवर आदळलेल्या अशनीबरोबर आपल्या पायाखालच्या कातळाचाही हात असण्याची शक्यता बळावते. झिरकॉनचे पुष्कळसे कण मिळाले ते दोन थरांमधल्या तांबड्या मातीत. एक थर निवल्यावर दुसरा येईपर्यंत त्याची माती व्हायला वेळ मिळाला, याची ती खूण आहे. घाटरस्त्यासाठी कापलेल्या कड्यात विटकरी रंगाची आडवी पट्टी दिसते, ती हीच.