ॲम्प नसला की गिटार पत्र्यासारखी वाजते?

सांगलीत ऑर्केस्ट्रा असो की गणपतीतला कार्यक्रम, साउंडवाले ठामपणे सांगतात: ॲम्प (गिटारचा स्वतःचा ॲम्प्लिफायर-स्पीकर) नसेल तर इलेक्ट्रिक गिटार पत्र्यासारखीच वाजणार.

अनुभव खरा आहे, पण सांगितलेलं कारण चुकीचं. गिटार ॲम्पचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कमी करतो. पीएचे, म्हणजे प्रेक्षकांसाठी लावलेल्या साउंड सिस्टिमचे, स्पीकर १५ किलोहर्ट्झच्याही वर जातात, त्यामुळे डिस्टॉर्शनची (मुद्दाम फाटवलेल्या आवाजाची) सगळी खरखर उघडी पडते. म्हणजे उणीव त्या गाळणीची असते. मल्टिइफेक्टमधलं (गिटारच्या आवाजाला इफेक्ट देणाऱ्या पेडलमधलं) कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे ॲम्पच्या स्पीकरची नक्कल, चालू केलं की ती बरीचशी भरून निघते.

नुसती गिटार मिक्सरच्या लाइन इनपुटला लावणं मात्र खरंच चूक. पिकअपवर (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागावर) भार येतो, आवाज बोथट होतो. त्यासाठी मध्ये डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरजोगा करणारी डबी) हवा, इनपुट १ मेगाओहमच्या आसपास असलेला. गुणगुण आली तर त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघावं.

साउंडचेकच्या आधीच सांगा, ‘दादा, कॅबिनेट आत चालू आहे. डीआय द्या, सुरुवातीला ईक्यू (बास-ट्रेबलची बटणं) सपाट ठेवा आणि मॉनिटरमध्ये गिटारचा आवाज सोडा.’ मॉनिटरचं, म्हणजे स्टेजवर तुमच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरचं, विसरू नका. ॲम्प नसताना स्टेजवर तुमची गिटार तुम्हाला तिथूनच ऐकू येणार आहे.