शीर तुटली, शीर दबली, शीर आवळली

आपल्याकडे हाताला काहीही झालं की दोषी एकच, शीर. सुरीने कापलं तर शीर तुटली, रात्री मुंग्या आल्या तर शीर दबली, पोळ्या लाटून मनगट दुखलं तर शिरेवर शीर चढली. मीही हेच म्हणायचो. पण गेल्या पाच-सहा वर्षांत घरात हाताची तीन प्रकरणं झाली, एक माझं, एक आईचं, एक भाच्याचं, आणि सर्जनच्या वेटिंग रूममध्ये तासन् तास बसून कळलं की आपण ज्याला शीर म्हणतो त्या तीन वेगळ्याच वस्तू आहेत. एक कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, डॉक्टर टेंडन म्हणतात. दुसरी नर्व्ह, मज्जातंतू, म्हणजे वायर. तिसरी रक्तवाहिनी, म्हणजे पाइप. तिघींचं बिघडणं वेगळं आणि तिघींचं घड्याळही वेगळं. पाइपचं काम तासांवर असतं, दोरीचं आठवड्यांवर आणि वायरचं महिन्यांवर.

माझ्यापासून सुरू करतो. भांडी घासताना काचेचा ग्लास हातातच फुटला आणि डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला तळव्याच्या बाजूने, मुळाशी, आडवा काप गेला. जवळच्या दवाखान्यात तीन टाके, टीटीचं इंजेक्शन, गोळ्या, घरी. दहाव्या दिवशी टाके काढले, जखम मस्त भरलीय म्हणाले. घरी येऊन मूठ वळली तर बाकीची बोटं आत आणि हे एक सरळ उभं, वर्गात मुलाने हात वर करावा तसं. कातडी शिवली होती, आतली दोरी तुटलेलीच होती. टाके घालायच्या आधी कुणी "बोट वळवून दाखवा" एवढंही म्हणालं नव्हतं, आणि मीही शहाणा, रक्त बघून डोळे मिटून बसलो होतो.

गंमत अशी की बोट वळवणारे मोठे स्नायू बोटात नसतातच. दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग धरा आणि बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवा, आत काहीतरी सळसळताना जाणवेल, तेच ते. तिथून लांब दोऱ्या निघतात, मनगटातून तळव्यात आणि तिथून बोटांत. प्रत्येक बोटाला वळवायला दोन दोऱ्या, एक मधल्या पेरापर्यंत जाते, दुसरी तिच्या फाट्यातून पुढे शेवटच्या पेरापर्यंत. आणि या दोन्ही एका अरुंद बोगद्यातून सरकतात. पायजम्याची नाडी नेफ्यातून जाते ना, अगदी तसं. आता नाडी तुटली आणि एक टोक आत सटकलं की काय होतं ते सांगायला नको, सेफ्टी पिन घेऊन अर्धा तास बसा. कंडरेचंही तेच, स्नायू तिला वर खेचून घेतो, कापलं बोटात आणि टोक सापडतं तळव्यात.

आणि खरी भानगड शिवल्यावर आहे. नाडी नेफ्याच्या आतच शिवायची आणि टाका नेफ्याच्या कापडाला लागला तर? नाडी अखंड, पण सरकणार नाही. शरीर जखम भरताना असंच करतं, त्याला दोरी वेगळी आणि बोगदा वेगळा हे समजत नाही, सगळं एकत्र चिकटवून टाकतं. म्हणून स्टर्लिंग बनेल नावाच्या अमेरिकन सर्जनने, ज्याला हाताच्या सर्जरीचा बाप मानतात, बोटाच्या या पट्ट्याला ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं होतं. त्या काळचा सल्ला असा की इथे कंडरा जोडूच नका, नुसती कातडी बंद करा आणि नंतर दुसरीकडून दोरी आणून घाला. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्याच लुईव्हिलच्या हॅरोल्ड क्लायनर्ट या सर्जनने तिथेच जोडायला सुरुवात केली, पण युक्ती टाक्यात कमी आणि नंतरच्या व्यायामात जास्त होती. नखाला रबर बँड बांधून तो मनगटाकडे ओढलेला, बोट तुम्ही सरळ करायचं आणि रबराने परत वळवायचं. दोरी सरकत राहिली की चिकटत नाही. आता पद्धती बदलल्यात, बऱ्याच ठिकाणी पहिल्या आठवड्यातच हळूहळू स्वतःच्या जोरावर बोट वळवायला लावतात.

माझं ऑपरेशन बाराव्या दिवशी झालं. हॅण्ड सर्जन म्हणाल्या, दोन आठवड्यांच्या आत आलात म्हणून सरळ जोडू, दोन महिन्यांनी आला असतात तर बोगदा मिटलेला असतो, स्नायू आखडलेला असतो, मग आधी सिलिकॉनची दांडी घालून बोगदा तयार करा, काही महिन्यांनी तिच्या जागी दुसरीकडची कंडरा घाला, अशी दोन ऑपरेशनं. दुसरीकडची म्हणजे बहुतेक वेळा मनगटाची. अंगठा करंगळीला लावा आणि मनगट थोडं आत वळवा, मधोमध एक दोरी उठून दिसेल. ती काढली तरी हाताचं फारसं काही अडत नाही. काही जणांना जन्मापासून नसतेच, माझ्या उजव्या हाताला आहे, डाव्याला नाही, आणि हे मला चाळिशीला टेकल्यावर कळलं!

भूल फक्त हातापुरती, मी टक्क जागा. भुलीच्या औषधात अॅड्रिनलिन मिसळतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त कमी येतं, म्हणजे रक्त थांबवायला दंडाला घट्ट पट्टा बांधायची गरज नाही. पूर्वी सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं की बोटात अॅड्रिनलिन द्याल तर बोट काळं पडेल, आणि पिढ्यान् पिढ्या डॉक्टर हेच घोकत आले. कॅनडाच्या डोनल्ड लालोंड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी प्रकरणं खणून दाखवलं की खरा संशय प्रोकेन या जुन्या भुलीच्या औषधावर जातो, ते ठेवून ठेवून आम्ल व्हायचं. या पद्धतीचा मला झालेला फायदा असा की दोरी जोडल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "आता वळवा." मी वळवलं, त्यांनी टाका अडकत नाही ना ते बघितलं, आणि मीही मान उंचावून बघितलं. पांढरी, ओल्या शेवयासारखी चकचकीत दोरी आत-बाहेर सरकत होती. त्यानंतर आठवडाभर शेवयांची खीर खाल्ली नाही ते सोडा.

मग सहा आठवडे स्प्लिंट आणि दर तासाला व्यायाम. इथे दोन्हीकडून मरण आहे, जास्त जोर लावला तर टाका तुटतो, आणि सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तर जोड सगळ्यात कच्चा असतो, कमी हलवलं तर चिकटतो. थेरपिस्ट बजावून सांगायच्या, हलवा पण उचलू नका. मी घाबरट, मला टाका तुटायचीच भीती, त्यामुळे दहाच्या ऐवजी चारदा, तेही अर्धवट. त्याची फळं पुढे सांगतो.

आईचं प्रकरण वायरचं. रात्री तीनला उठून हात झटकायची, अंगठा आणि पुढची दोन बोटं बधिर, करंगळी मात्र ठणठणीत. आम्ही म्हटलं मानेची शीर दबली, मानेला पट्टा, तेलाचं मालिश, वर्षभर हेच. खरं दुखणं मनगटात होतं. मनगटाच्या बोगद्यातून, कार्पल टनेलमधून, बोटांकडे जाणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नर्व्ह जाते. लोकलच्या चौथ्या सीटवर बसल्यासारखी ती नर्व्ह, जरा सूज आली की पहिली पिळली जाते तीच. डायबिटीस, थायरॉइड, गरोदरपण, यात हे जास्त होतं, आणि आईला पहिली दोन्ही आहेत. करंगळीची वायर या बोगद्यातून जातच नाही, म्हणून ती सुटते. ही एवढी खूण आम्हाला माहीत असती तर वर्ष वाचलं असतं.

ऑपरेशन म्हणजे बोगद्याचं छत, तो आडवा जाड पट्टा, कापायचा. पंधरा मिनिटं लागली, आई रिक्षाने घरी आली. दुर्बिणीनेही करतात, जखम लहान राहते आणि कामाला लवकर लागता येतं, पण वर्षभरानंतर बघितलं तर फरक जवळपास राहत नाही. पहिल्याच रात्री आई सलग झोपली. पण नंतर जे झालं ते आम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं. तळव्याच्या बुडाशी, काप जिथे गेला त्याच्या दोन्ही बाजूंना, दाब पडला की कळ. जमिनीवरून उठताना हात टेकता येईना, कणीक मळता येईना, आणि आई म्हणायला लागली ऑपरेशन बिघडलं. बिघडलं नव्हतं, हे बऱ्याच जणांना होतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं, तसं तिचंही ओसरलं. खरी बिघडलेली प्रकरणं वेगळी असतात. पट्टा पूर्ण कापलाच गेला नाही म्हणून मुंग्या तशाच राहतात, नाहीतर अंगठ्याकडे जाणारी बारीक फांदी कापली जाते. त्या फांदीला सर्जन लोक ‘मिलियन डॉलर नर्व्ह’ म्हणतात, कारण ती गेली तर अंगठा समोर आणता येत नाही आणि भरपाई भरावी लागते. क्वचित कुणाचा हात ऑपरेशननंतर जळजळत सुजून राहतो, कातडी चकचकीत होते, दुखणं जखमेच्या मानाने भलतंच जास्त. हे दिसलं की "होईल कमी" म्हणत थांबू नये, लगेच दाखवावं.

आईचं नुकसान मात्र ऑपरेशनने नाही, उशिराने झालं. अंगठ्याखालचा मऊ उंचवटा बसला होता, तो पूर्ण परत आला नाही. ब्लाउजचे हुक अजून वहिनीच लावते.

कोपराची वायर याहून अवघड. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत करंट जातो तो हाडाचा नसतो, तिथे अल्नर नर्व्ह हाडामागच्या खोबणीत जवळजवळ कातडीखालीच असते. कोपर मुडपून, फोन कानाला लावून किंवा हात उशीखाली घालून झोपून झोपून ती ताणली जाते आणि करंगळी बधिर होते. ऑपरेशनमध्ये तिच्यावरचे पट्टे मोकळे करतात, कधी तिला उचलून पुढच्या बाजूला ठेवतात. पण खराब झालेली नर्व्ह दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. कोपरापासून तळव्यातल्या बारीक स्नायूंपर्यंत तीसेक सेंटीमीटर, म्हणजे तीनशे दिवस, दहा महिने. आणि स्नायू वायरशिवाय वर्ष-दीड वर्ष तग धरतो, मग त्याची चरबी होते. म्हणून हाताच्या मागच्या बाजूला हाडांमधल्या खाचा खोल दिसायला लागल्यावर ऑपरेशन करून मूठ पहिल्यासारखी होईलच असं कुणी सांगत नाही. कुष्ठरोगातही हीच नर्व्ह कोपराशी जाड होते आणि बोटं हुकासारखी वाकतात, वेल्लोरला सर्जन पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या शेवटी असे हात सुधारायला सुरुवात केली, चालू असलेली एखादी कंडरा उचलून वायर गेलेल्या स्नायूच्या कामाला लावायची.

कोपर म्हटलं की आपल्याला आठवतो सचिन. २००४ मध्ये टेनिस एल्बो, मे २००५ मध्ये लंडनला ऑपरेशन. ही तर यातली कुठलीच तुटलेली-दबलेली शीर नाही, कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेली कंडरा झिजते. कपडे पिळणाऱ्या, पान्याने नट आवळणाऱ्या लोकांना टेनिसवाल्यांपेक्षा जास्त होते आणि बहुतेकांची वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरी होते. स्टेरॉइडचं इंजेक्शन दोन महिने स्वर्ग दाखवतं, पण वर्षाच्या शेवटी न घेतलेलेच जास्त बरे असतात. सचिनने स्वतः सांगितलंय की ऑपरेशननंतर अर्जुनची प्लॅस्टिकची बॅटही उचलवत नव्हती. ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध ९३ आणि डिसेंबरमध्ये दिल्लीला पस्तिसावं कसोटी शतक, हे आपण लक्षात ठेवलं, मधले पाच महिने विसरलो.

आता पाइप. भाचा सहा वर्षांचा, झोपाळ्यावरून हातावर पडला आणि कोपराच्या जरा वर हाड मोडलं. या वयात हे अगदी ठरलेलं फ्रॅक्चर. त्या मोडलेल्या हाडाच्या टोकदार कडेसमोरूनच हाताची मुख्य धमनी जाते. बहिणीच्या सासूबाई म्हणत होत्या आधी हाडवैद्याकडे नेऊ, बांबूच्या पट्ट्या घट्ट बांधतो, छान बसवतो. घट्ट हाच शब्द धोक्याचा. आत सूज वाढतेय, बाहेरून पट्टी आवळलेली, मधल्या स्नायूंचं रक्त थांबतं. काही तासांत स्नायू मरायला लागतात, सहाएक तासांनंतर परत येत नाहीत, आणि पुढे मनगट आणि बोटं कायमची आत वळून बसतात. जर्मनीच्या रिचर्ड फोन फोल्कमन यांनी १८८१ मध्ये हे लिहून ठेवलं आणि बोट घट्ट पट्ट्यांकडेच दाखवलं. खूण अशी, पोर वेदनेच्या औषधाने गप्प होत नाही आणि बोटं हळूच सरळ केली तर किंचाळतं. मग पट्टी असो की हॉस्पिटलचं प्लॅस्टर, रात्री दोन वाजता असले तरी सोडायला लावायचं.

भाच्याला कातडीतून तारा घालून हाड बसवलं. आतल्या बाजूने घातलेली तार त्याच अल्नर नर्व्हला लागू शकते, त्यालाही करंगळीत थोडी बधिरता आली होती, दोन-अडीच महिन्यांत गेली. तारा महिन्याभराने निघाल्या तेव्हा कोपर काटकोनात ठप्प. सासूबाई तेलाची वाटी घेऊन तयार! पण ताज्या दुखावलेल्या कोपराला रगडलं, जोराने ओढलं की स्नायूतच हाड तयार व्हायला लागतं आणि मग सांधा खरोखर अडकतो. डॉक्टरांनी व्यायामही दिला नाही, म्हणाले खेळू द्या. चौथ्या महिन्यात तो दोन्ही हातांनी पतंग उडवत होता.

मी मोठा माणूस, मला ती सूट नाही. माझी दोरी व्हायची तशी चिकटली, बोटाचं टोक तळव्यापासून एक सेंटीमीटर दूर राहतं. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी विचारलं, चिकटलेलं सोडवायचं आणखी एक ऑपरेशन असतं, करायचं का, पण त्यातही दोरी तुटायचा धोका आहे आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तोच व्यायाम, या वेळी खरा. मी दोन दिवस विचार करून नको म्हटलं. टाइपिंग होतं, गाडी चालवता येते. फक्त मूठभर शेंगदाणे घेतले की दोन-चार त्या फटीतून खाली पडतात, आणि भाचा ते वेचून खातो.