ढिगारा उपसण्याची मजुरी आणि गवंडीकामाचं प्रशिक्षण: फरक ओळखायला हवा

भूकंपानंतर पडक्या शाळेच्या आवारात माणसं घमेली उचलताना दिसली, तर ती मजुरीवर आली आहेत की काम शिकायला, हे लांबून कळत नाही. दोन्हीकडे हजेरीपट असतो, दोन्हीकडे दिवसाचे पैसे मिळतात आणि मदतीच्या अहवालात दोन्ही ‘रोजगार’ याच रकान्यात जातात. पण या दोन कामांचा हेतू वेगळा, मुदत वेगळी आणि गल्लत झाली तर होणारं नुकसानही वेगळं. शाळेच्या बाबतीत ते नुकसान मुलांच्या जिवावर बेततं.

मजुरीचं आधी. कामाच्या बदल्यात रोख पैसे देण्याची ही पद्धत २००४च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. ढिगारा उपसणं, रस्ते मोकळे करणं, तात्पुरत्या वर्गांसाठी जागा सपाट करणं, अशी ही कामं. होडी गेलेला कोळी, मशीन गाडलं गेलेला शिंपी, कोणीही यावं आणि संध्याकाळी किंवा आठवड्याच्या शेवटी पैसे घेऊन जावं. इथे कौशल्य कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. त्यात उणेपणा काहीच नाही, कारण हातात रोख आली की घरात काय आणायचं ते ज्याचं तो ठरवतो. दर मात्र जाणीवपूर्वक स्थानिक मजुरीपेक्षा थोडा कमी ठेवतात, म्हणजे ज्याचं स्वतःचं शेत किंवा धंदा सुरू होण्यासारखा आहे तो तो सोडून इकडे येत नाही. बाजार पुन्हा चालू लागला की हे काम आवरतं घ्यायचं असतं.

प्रशिक्षणाचा हिशेब निराळा. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. दिवस शनिवारचा, म्हणजे तिथल्या शाळांच्या सुट्टीचा होता. मुलं वाचली ती त्यामुळे, हजारो वर्गखोल्या मात्र निकामी झाल्या. पुढे गवंड्यांसाठी दोन प्रकारचे वर्ग चालले. आधीपासून गवंडीकाम करणाऱ्यांना ७ दिवसांचा आणि नवख्यांना प्रत्यक्ष बांधकामावर ५० दिवसांचा. जुन्या गवंड्याच्या हातात थापी आणि ओळंबा मुरलेला असतो, त्याला फक्त भूकंपाच्या दृष्टीने कुठे काय बदलायचं ते दाखवावं लागतं. नवख्याला पहिल्या थरापासून शिकवावं लागतं, आणि तेवढे दिवस त्याच्या घरचं भागावं म्हणून भत्ता द्यावा लागतो. गोंधळ सुरू होतो तो इथेच, कारण भत्ता मजुरीसारखाच दिसतो.

या शिकण्यात नेमकं काय असतं, ते एका रिंगेवरून पाहू. काँक्रीटच्या खांबात उभ्या सळयांना ठराविक अंतरावर रिंगा घालतात. रिंगेची टोकं नुसती काटकोनात वाकवली, तर जोराच्या हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट सुटतं, टोकं उघडतात, सळया बाहेर वाकतात आणि खांब बसतो. तीच टोकं १३५ अंशांत, खांबाच्या आत वळवली तर रिंग धरून राहते. प्रत्येक रिंगेला थोडी जास्त ताकद लागते, खांबागणिक रिंगा पुष्कळ असतात आणि काँक्रीट ओतल्यावर कोणालाच काही दिसत नाही. मजुराला ‘वाकव’ एवढंच सांगितलेलं असतं. शिकलेल्याने चुकीची रिंग काढून पुन्हा केलेली असते आणि ती का काढली हेही त्याला ठाऊक असतं. दगडी भिंतीचंही तसंच. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात जाड भिंतींचे आतले-बाहेरचे पदर एकमेकांपासून सुटून कोसळले, कारण दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगडच त्यांत नव्हते.

ऑक्टोबर २००५ मध्ये काश्मीरच्या पाकिस्तानव्याप्त भागात आणि मे २००८ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात भूकंप आला तेव्हा वर्ग भरलेले होते. दोन्ही ठिकाणी हजारो मुलं शाळांच्याच इमारतींखाली गेली. म्हणून मला सगळ्यात जास्त खटकते ती एक सवय: ढिगारा उपसणाऱ्यांचाच हजेरीपट पुढे सरकवायचा, दोन दिवसांचं व्याख्यान द्यायचं, प्रमाणपत्रं वाटायची आणि शाळेचं पक्कं बांधकाम त्यांच्या हाती सोपवायचं. यात त्या माणसांचा दोष नाही. त्यांना काम हवं होतं, शिकवण्याची जबाबदारी दुसऱ्याची होती.

उलटी गल्लतही होते. ज्या बाईला या आठवड्यात पैसे हवेत तिला तीन महिन्यांच्या शिवणवर्गाला बसवलं जातं, आणि वर्ग संपतो तेव्हा एकाच वस्तीत इतक्या शिवणाऱ्या होतात की गिऱ्हाईकच उरत नाही.

नीट जमलं तर शाळेसारखी शिकायची जागा दुसरी नाही. काम लांब चालतं, अभियंता हजर असतो आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा हातून होते. काठमांडू खोऱ्यात १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून स्थानिक गवंड्यांना शिकवत काही शाळा मजबूत करण्यात आल्या. २०१५ मध्ये त्या इमारती टिकून राहिल्या.

योजना कोणती हे ओळखायचं असेल तर अहवालातला माणसांचा आकडा बाजूला ठेवावा. मजुरीच्या योजनेला विचारावं, पैसे किती दिवसांत हातात पडले आणि सगळ्यात गरजू घरं सुटली तर नाहीत ना. प्रशिक्षणाला विचारावं, सहा महिन्यांनी यातले किती जण त्याच कामावर आहेत आणि त्यांनी बांधलेलं कोणी तपासलं का.

क्रमही महत्त्वाचा आहे. तात्पुरते वर्ग प्रशिक्षणाची वाट पाहत थांबवू नयेत, ते मजुरीवरच काही आठवड्यांत उभे राहायला हवेत. त्याचा फायदा प्रशिक्षणालाही होतो. नेपाळमध्ये अनेक बायका गवंडीकाम शिकल्या, कारण पुरुषांचा मोठा भाग आखाती देशांत आणि मलेशियात कामाला गेलेला होता. मुलं दिवसभर कुठे सुरक्षित बसतील याची सोय नसेल तर ५० दिवसांच्या वर्गाला आई येणार कशी?