‘ग्रंथपालाला विचारा’ या दुव्यामागची दीडशे वर्षं

घरात कुणाला नवं औषध सुरू झालं, तपासणीचा रिपोर्ट हातात पडला किंवा शाळेने प्रकल्प दिला, की पहिला हात सर्च इंजिनकडे जातो. याच प्रश्नांसाठी अनेक देशांतल्या सार्वजनिक वाचनालयांच्या संकेतस्थळांवर वेगळी दालनं असतात. आरोग्याचे डेटाबेस (म्हणजे शोधता येतील असे लेखांचे संग्रह), मुलांचे ज्ञानकोश, वर्तमानपत्रांचे जुने अंक आणि कुठेतरी कोपऱ्यात ‘ग्रंथपालाला विचारा’ असा दुवा. सभासद क्रमांक आणि पिन टाकला की वाचकाला एक पैसा न मोजता हे सगळं उघडतं. ते फुकट का, आणि बाहेरच्या माहितीपेक्षा जास्त भरवशाचं का, याचं उत्तर कॉम्प्युटरच्या बरंच आधीच्या काळात आहे.

करातून चालणारं वाचनालय ही एकोणिसाव्या शतकाची देणगी. ब्रिटनमध्ये 1850 साली त्यासाठी कायदा झाला, बोस्टनचं सार्वजनिक वाचनालय 1854 साली लोकांसाठी उघडलं. पण पुस्तक फुकट मिळणं वेगळं आणि हवी ती माहिती सापडणं वेगळं. बहुतेक ठिकाणी पुस्तकं बंद कपाटांत असत. वाचकाने यादीतून क्रमांक शोधायचा, चिठ्ठी द्यायची आणि खिडकीशी थांबायचं. पुस्तकाचं नावच ठाऊक नसेल तर त्याने काय करावं, याचा विचार व्यवस्थेत नव्हता.

तो विचार आधी मांडला सॅम्युएल स्वेट ग्रीन यांनी. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावच्या वाचनालयाचे ते ग्रंथपाल. 1876 साली फिलाडेल्फियाला ग्रंथपालांची परिषद भरली, अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा जन्म तिथलाच. त्या परिषदेसाठी ग्रीन यांनी लिहिलेल्या निबंधाचा गाभा असा, की कारागिरापासून शाळकरी मुलापर्यंत जो कुणी प्रश्न घेऊन येईल त्याच्याशी ग्रंथपालाने आपुलकीने बोलावं आणि त्याला उत्तरापर्यंत पोचवावं. त्यातली दोन पथ्यं मला आजही महत्त्वाची वाटतात. राजकारण, धर्म, इतिहास यांबाबतची स्वतःची मतं वाचकाच्या गळी उतरवू नयेत, हे एक. लागेल तेवढी मदत करावी पण त्याचबरोबर वाचकाला स्वतः शोधायलाही शिकवावं, हे दुसरं. भरवशाची माहिती म्हणून वाचनालय आज जे देतं, त्याची घडण या दोन वाक्यांत आहे. सांगणाऱ्याला काही विकायचं नाही आणि ऐकणाऱ्याला बांधून ठेवायचं नाही.

पुढे कपाटं उघडली. लंडनच्या क्लार्कनवेल वाचनालयात जेम्स डफ ब्राउन यांनी 1894 साली वाचकांना थेट पुस्तकांच्या मांडणीपर्यंत सोडलं, तेव्हा पुस्तकं चोरीला जातील म्हणून व्यवसायातच ओरड झाली. मद्रासमध्ये शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे त्यांतलं चौथं. टेलिफोन घरोघरी पोचले तसे प्रश्न तारेवरून यायला लागले. पण उत्तर देण्याची पद्धत ठरलेली होती. ग्रंथाचं नाव, आवृत्ती, पान सांगायचं आणि मजकूर वाचून दाखवायचा. आजाराबद्दल प्रश्न असेल तर संदर्भग्रंथात काय छापलंय ते सांगायचं, ‘तुम्हाला हेच झालंय’ असं म्हणायचं नाही. फोन करणाऱ्याला ही टाळाटाळ वाटत असणार, पण तिने अनेकांना अर्धवट सल्ल्यापासून वाचवलं.

वाचकांचे प्रश्न जिथे घेतले जातात त्या संदर्भ टेबलावर नेमकं काय घडतं, हे अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी 1968 साली नीट उकलून दाखवलं. त्यांच्या मते माणसाची गरज आधी नुसती अस्वस्थता असते. मग ती मनात आकार घेते, मग शब्दांत येते आणि शेवटी वाचनालयात काय मिळू शकेल याच्या अंदाजाने काटछाट होऊन बाहेर पडते. समजा, एक आई विचारते, ‘त्वचारोगांची पुस्तकं कुठे आहेत?’ ग्रंथपालाने कपाट दाखवलं तर विषय संपला. पण तो म्हणाला, ‘दाखवतो. नेमकं कशासाठी हवंय?’ तर कळतं, की मुलीच्या हातावर दोन दिवसांपासून पुरळ आहे आणि तिला उद्या शाळेत पाठवावं की नाही एवढंच आईला ठरवायचंय. पुस्तकांचं कपाट तिच्या काही कामाचं नाही. तिला संसर्ग आणि शाळा याविषयी आरोग्य खात्याचं पानभर पत्रक हवंय, आणि डॉक्टरांना फोन.

याच वळणावर काही वाचनालयांनी पुस्तकाबाहेरची माहितीही आपली मानली. डेट्रॉईटमध्ये क्लारा स्टँटन जोन्स यांच्या नेतृत्वाखाली 1970च्या दशकात शहरातल्या मदत केंद्रांची आणि सेवांची अद्ययावत नोंद ठेवून लोकांना योग्य दाराशी पाठवण्याचं काम सुरू झालं. काहींनी नाकं मुरडली, हे ग्रंथपालाचं काम नव्हे म्हणाले. घर चालवणाऱ्याला मात्र बहुतेक वेळा ग्रंथ नको असतो, पत्ता हवा असतो.

दरम्यान यंत्रं आली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची वैद्यकीय लेख शोधून देणारी मेडलाइन ही ऑनलाइन सेवा 1971 साली सुरू झाली, 1972 साली निरनिराळे डेटाबेस शोधू देणारी डायलॉग ही व्यापारी सेवा आली. पण शोधाचे पैसे मिनिटांच्या हिशोबाने पडत. त्यामुळे ग्रंथपाल आधी कागदावर पूर्ण तयारी करी. आजाराचं वैद्यकीय नाव, त्याचे पर्यायी शब्द, कुठला शब्द ‘आणि’ने जोडायचा, कुठला ‘किंवा’ने. मगच टेलिफोन लाइन जोडायची, भराभर टाइप करायचं आणि लाइन तोडायची. घरबसल्या कुणी हे करेल असा प्रश्नच नव्हता. ईमेलवर प्रश्न घ्यायला बाल्टिमोरमधल्या मेरीलँड विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान ग्रंथालयाने 1984 साली सुरुवात केली, तीही विद्यापीठातल्या लोकांपुरती.

वेब आल्यावर चित्र झपाट्याने पालटलं. 1995 साली मिशिगन विद्यापीठात जोसेफ जेन्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘इंटरनेट पब्लिक लायब्ररी’ उभी केली. इमारत नसलेलं वाचनालय, ज्यात निवडक संकेतस्थळांच्या याद्या होत्या आणि प्रश्न विचारायची सोय होती. 1997 साली त्याच वैद्यक ग्रंथालयाच्या पबमेड या संकेतस्थळावरून मेडलाइन सर्वांना मोफत खुलं झालं. हे मोठंच पाऊल, पण तिथले लेख डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेले. म्हणून 1998 साली त्याच ग्रंथालयाचं मेडलाइनप्लस हे संकेतस्थळ आलं, रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी, सोप्या भाषेत. तिथे जाहिराती नाहीत आणि कुठल्या कंपनीची भलामण नाही. ग्रीन यांचं पहिलं पथ्य सव्वाशे वर्षांनी पडद्यावर आलं ते असं.

विकतचे डेटाबेस मात्र विकतच राहिले. त्यांची वर्षाची वर्गणी वाचनालय भरतं, काही ठिकाणी अनेक वाचनालयं मिळून भरतात. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात 1995 साली सुरू झालेली गॅलिलिओ ही अशीच सामाईक व्यवस्था. डेटाबेसवाल्याला खात्री हवी असते की वाचणारा खरोखर सभासद आहे. पूर्वी वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बसलं तरच दार उघडे. मग मध्ये एक प्रॉक्सी सर्व्हर आला, त्यासाठीचं ईझीप्रॉक्सी हे सॉफ्टवेअर 1999 सालचं. तुम्ही घरून क्रमांक टाकता, प्रॉक्सी तो तपासतो आणि डेटाबेसला वाटतं की वाचक वाचनालयातच बसलाय. हे लॉगिनचं पान सहसा कुरूप असतं आणि पिन विसरलेले कित्येक जण तिथूनच परत फिरतात. वाचनालयांनी नवे डेटाबेस घेण्याआधी हे एक पान सुधारलं असतं तर जास्त उपयोग झाला असता, असं माझं स्पष्ट मत आहे.

1998 साली गूगल आलं आणि संदर्भ टेबलावरची रांग हळूहळू ओसरली. निवडक दुव्यांच्या याद्या माणसांनी हाताने सांभाळायच्या, तुटलेले दुवे काढायचे, नवे घालायचे, हा खर्च परवडेना. इंटरनेट पब्लिक लायब्ररीचं काम 2015 साली थांबलं. आता भर आला ग्रीन यांच्या दुसऱ्या पथ्यावर, म्हणजे शिकवण्यावर. कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांनी 2004 साली संकेतस्थळ तपासायची पाच निकषांची कसोटी केली. मजकूर किती ताजा, आपल्या कामाचा आहे का, लिहिणारा कोण, अचूक आहे का, हेतू काय. पुढे ऑनलाइन माहिती कशी पारखावी हे शिकवणारे माइक कॉलफिल्ड यांनी तिच्यातली उणीव दाखवली. खोटं संकेतस्थळही दिसायला नीटनेटकं असू शकतं, तेव्हा त्याच पानाकडे टक लावून बसण्यापेक्षा त्याच्याबद्दल इतर काय म्हणतात ते आधी बघावं. घरच्या धबडग्यात ही दुसरी रीत जास्त कामाची.

ताजेपणाचा निकष किती जिवावरचा आहे, याचं एक उदाहरण तान्ह्या बाळांचं. बाळाला पालथं झोपवावं असं कित्येक वर्षं संगोपनाच्या पुस्तकांत छापलं जाई. पाळण्यातल्या अचानक मृत्यूंशी त्याचा संबंध दिसल्यावर 1990च्या दशकाच्या सुरुवातीला सल्ला उलटा झाला, बाळाला उताणंच झोपवा. जुनी पुस्तकं मात्र कपाटात राहिली. म्हणूनच आरोग्याची जुनी पुस्तकं बाद करणं हे वाचनालयाचं नेहमीचं काम आहे. डेटाबेसमध्ये उलट असतं. तिथे जुना लेखही नव्याच्या शेजारी दिमाखात दिसतो आणि तज्ज्ञांनी तपासलेल्या शोधनिबंधाशेजारी मासिकातलं मतही. वाचनालयाच्या दारातून आलं म्हणून सगळं सारखं भरवशाचं नसतं. तारखेचं बंधन घालायची चौकट बहुतेक डेटाबेसमध्ये असते, ती वापरली पाहिजे.

गुप्ततेचा मुद्दाही जुनाच. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या 1939 सालच्या आचारसंहितेतच वाचकाची माहिती खाजगी ठेवण्याचं कलम होतं. घरातल्या माणसाच्या आजाराबद्दल शोधताना ही गोष्ट लहान नाही. पण डेटाबेस चालवणारी कंपनी वेगळी असते आणि तिचे नियमही वेगळे, विशेषतः तिथे ईमेल देऊन स्वतंत्र खातं उघडलं तर.

‘नेमकं कशासाठी हवंय?’ हा ग्रंथपालाचा उलट प्रश्न सर्च इंजिनच्या चौकटीत हरवला, तो ग्रंथपालाशी होणाऱ्या ऑनलाइन चॅटमध्ये थोडाफार परत आला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि ओसीएलसी (वाचनालयांची सहकारी संस्था) यांनी 2002 साली क्वेश्चनपॉइंट ही सामाईक सेवा सुरू केली, 2019 साली ती दुसऱ्या कंपनीकडे गेली. अशा सेवांत अनेक गावांची वाचनालयं पाळ्या वाटून घेतात. त्यामुळे रात्री अकराला उत्तर देणारा ग्रंथपाल भलत्याच गावचा असू शकतो. औषधाबद्दलचं विश्वसनीय पान तो लगेच काढून देतो. तुमच्या भागातल्या पाळणाघराबद्दल विचारलंत तर तो प्रश्न नोंदवून तुमच्या वाचनालयाकडे पाठवतो, आणि तिथलं उत्तर नंतर ईमेलने येतं.