बेसचा इनिट कोणी कॉल करायचा?

पायक्यूटी, म्हणजे खिडक्या-बटणं बनवणारी क्यूटी लायब्ररी पायथनमधून वापरण्याचं साधन, शिकताना अनेक जण इथे अडखळतात. क्यूविजेट या क्यूटीच्या तयार क्लासवरून (हा बेस किंवा सुपरक्लास) स्वतःचा क्लास (सबक्लास) काढायचा, त्यात इनिट, म्हणजे नव्या ऑब्जेक्टची सुरुवातीची मांडणी करणारी मेथड, लिहायचा, पहिल्याच ओळीत खिडकीला शीर्षक द्यायचं. आणि रनटाइम एरर येतो की सुपरक्लासचा इनिट कॉलच झालेला नाही. वर बेसचा इनिट कॉल करणारी 'सुपर'ची एक ओळ घातली की खिडकी उघडते. ती ओळ आपल्यालाच का लिहावी लागते, याचं उत्तर जुनं आहे.

क्यूटी लिहिलंय सी प्लस प्लसमध्ये. तिथे सबक्लासच्या कन्स्ट्रक्टरमधला (ऑब्जेक्ट घडवणाऱ्या फंक्शनमधला) कोड सुरू होण्याआधी बेसचा कन्स्ट्रक्टर चालतोच. आपण काही लिहिलं नाही तर कंपायलर डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर लावतो, तो नसेल तर कोड कंपाइलच होत नाही. पायथनमध्ये मात्र इनिट ही इतर मेथडसारखीच मेथड. सबक्लासने आपली लिहिली की बेसची झाकली जाते, आपोआप चालत नाही.

सुरुवातीच्या पायथनमध्ये हा पेच एवढा जाणवत नसे, कारण सीमध्ये लिहिलेले टाइप आणि पायथनचे क्लास या दोन वेगळ्या जाती होत्या. लिस्टवरून सबक्लास काढणं शक्यच नव्हतं. झोप (Zope) या पायथनमधल्या वेब सर्व्हरसाठी जिम फुल्टन यांना त्याकरता एक्स्टेन्शनक्लास हा वेगळा जुगाड करावा लागला. ही भिंत पडली डिसेंबर 2001 मध्ये, पायथन 2.2 मध्ये. पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम यांच्या पेप 253 या सुधारणा-प्रस्तावाने ऑब्जेक्टचा जन्म दोन टप्प्यांत विभागला: 'न्यू' जागा देतो, 'इनिट' ती भरतो. मला ही विभागणी फार विचारपूर्वक केलेली वाटते. आज लिस्टचा सबक्लास करून सुपर विसरलात, तरी हातात रिकामी पण धडधाकट लिस्ट येते, कारण न्यूने आपलं काम केलेलं असतं.

सी प्लस प्लसच्या क्लासला हे जमत नाही. त्याच्या कन्स्ट्रक्टरला नेमकी कोणती आर्ग्युमेंट्स द्यायची, हे सबक्लासचा इनिट सुपर कॉल करतो तेव्हाच ठरतं. तोवर पायथनच्या बाजूला नुसतं टरफल असतं.

सी प्लस प्लसचा कोड पायथनला जोडणाऱ्या पायबाइंड11 या लायब्ररीमध्ये सुपर विसरण्याची ही चूक बराच काळ तपासलीच जात नव्हती. 2020 च्या 2.6 आवृत्तीपासून टाइपएरर येतो. पण ती तपासणी होते इनिट संपल्यावर; त्याआधी इनिटमध्येच बेस वापरला तर ती चूक पकडत नाही, म्हणून सुपरची ओळ इनिटमध्ये सगळ्यात आधी हवी.