शेवटच्या आजारातल्या रुग्णांपाशी बसायचंय? इंदूरमध्ये स्वयंसेवक म्हणून अर्ज असा करा

रामबागेतल्या एका मावशींनी परवा विचारलं, “पोथीची पारायणं केलीत, सहस्रनाम पाठ आहे. शेवटच्या आजारातल्या माणसांपाशी बसायचंय. फॉर्म कुठे मिळतो?” फॉर्म मिळतो. त्यात पाठांतराचा रकाना मात्र नसतो, आणि हे आधी कळलेलं बरं.

या कामाला सरकारी परवाना लागत नाही. जिथे सेवा द्यायची त्या संस्थेकडेच अर्ज करायचा: हॉस्पिस (शेवटच्या आजारातल्या रुग्णांना सांभाळणारी जागा), कॅन्सर रुग्णालयाचा पॅलिएटिव्ह केअर म्हणजे वेदना कमी करणारा विभाग किंवा घरोघरी जाणारं शुश्रूषा पथक. रिसेप्शनवर घुटमळू नका, थेट मेडिकल सोशल वर्करला भेटा. फॉर्म बहुधा हिंदीत असतो. ‘भाषा’ या रकान्यात मराठीबरोबर माळवी, निमाडी येत असेल तर तीही लिहा. आजार वाढला की पुष्कळ म्हातारी माणसं मायबोलीवर येतात. खरगोनकडच्या आजोबांना निमाडी संत सिंगाजींचं भजन हवं असतं, आपला अभंग नव्हे.

पात्रता

वय १८ पूर्ण हवं. वरची मर्यादा सहसा नसते. सत्तरीतले लोकही हे काम करतात. धर्म, जात, शिक्षण आड येत नाही. देव न मानणाराही चालतो, हे ऐकून मावशी जरा चपापल्या. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी दोन-तीन तास, निदान सहा महिने, एवढी तयारी हवी. ‘जमेल तसं येईन’ इथे चालत नाही, कारण रुग्ण त्या वाराची वाट बघत असतो. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर बऱ्याच संस्था वर्षभर थांबायला सांगतात. हा नकार मनाला लावून घेऊ नका.

कागदपत्रं

आधार कार्डाची प्रत, दोन फोटो, नातेवाईक नसलेल्या दोघांची शिफारसपत्रं (शेजारी किंवा जुने सहकारी चालतात), डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला आणि गोपनीयतेचं हमीपत्र. हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का, टीबी नाही ना, हेही विचारतात. पोलिसांचं चरित्र सत्यापन (चारित्र्य पडताळणी) मागितलं तर मध्य प्रदेश पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरून अर्ज करता येतो. सगळ्यात जास्त वेळ यालाच लागतो, म्हणून आधी हेच टाका. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) लागेल का, असं बरेच जण विचारतात. तो सरकारी योजनांसाठी, इथे त्याचं काम नाही.

मुलाखत

खरी चाळणी इथे लागते. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं. माणसाचं दुखणं शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि आत्म्याचं असं एकत्र असतं, ही त्यांची मांडणी. चौथ्या दुखण्यासाठी तुमचा अर्ज आहे. त्यामुळे हमखास विचारतात: रुग्ण म्हणाला, “मी कोणाचं वाईट केलं नाही, मग माझ्याच वाट्याला हे का?” तर काय बोलाल? ‘प्रारब्धाचे भोग’ असं उत्तर दिलंत की अर्ज बाजूला पडला म्हणून समजा. त्या माणसाला त्याचा अर्थ ‘तुमचंच काहीतरी चुकलं’ असा ऐकू येतो. “रात्री हे जास्त छळतं का?” असं विचारून गप्प बसणारा उमेदवार निवडतात. बोलण्याची हौस दांडगी असलेले आपण मराठी लोक इथे अडखळतो, हा माझा अनुभव.

प्रशिक्षण

केरळमधल्या ज्या नमुन्याचं नाव घेतलं जातं, त्यात १६ तासांचे वर्ग आणि मग चार दिवस प्रत्यक्ष रुग्णांबरोबर असतात. इतर ठिकाणी तास कमी-जास्त असतात. वर्गात जे शिकवतात त्यातलं पाण्याचं प्रकरण नीट लक्षात ठेवा. तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल घालायची आपली रीत. पण शेवटच्या दिवसांत गिळण्याची ताकद गेलेली असते, चमचाभर पाणीही श्वासनलिकेत उतरू शकतं. नर्सला विचारायचं, ती बहुधा कापसाचा बोळा भिजवून ओठांवरून फिरवू देते. घरच्यांचं समाधान होतं, रुग्णाला ठसका लागत नाही. ऑक्सिजन लावलेल्या खाटेजवळ निरांजन आणि उदबत्ती तर अजिबातच नको.

आमच्या तुकडीच्या प्रशिक्षणात एका रुग्ण आजींच्या बोटांत जपमाळ ओढायची ताकद उरली नव्हती. सोबतची स्वयंसेवक मुलगी काहीच म्हणाली नाही. तिने माळेचं एक टोक आजींच्या तळहातावर ठेवलं आणि एकेक मणी स्वतः पुढे सरकवत राहिली. आजी प्रत्येक मण्याला पापणी मिटायच्या. त्या मुलीला एकही स्तोत्र येत नव्हतं.

काही गोष्टी हमीपत्रातच लिहिलेल्या असतात: भेटवस्तू किंवा पैसे घ्यायचे नाहीत, स्वतःच्या गुरूचा प्रचार करायचा नाही, फोटो काढायचा नाही, सर्दी-खोकला असेल त्या दिवशी यायचं नाही. नातेवाईक मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायला सांगतात, तीही करायची नाही. उपचार थांबवण्याबद्दलच्या आगाऊ इच्छापत्राची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली घालून दिली आणि २०२३ मध्ये सोपी केली. त्याबद्दल कोणी विचारलं तर डॉक्टरांकडे पाठवा.

अर्ज दिल्यावर तीन आठवड्यांत फोन आला नाही तर स्वतः जाऊन चौकशी करा. सोशल वर्कर बहुतेक ठिकाणी एकच असते आणि ती दिवसभर वॉर्डात असते. दुपारच्या जेवणानंतर सापडते. मावशींची मुलाखत झाली आहे. पोलीस ठाण्यातून सत्यापन यायचं राहिलंय.